उलकानने घेतलेलं नाव

सारी-ओई गावात कुणाचं लग्न निघालं, की यजमानीण आधी मीठ बदलते आणि मग मेंढ्यांचं बघते. कारण उलकान येणार. येणार, जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानापाशी मांडी घालून बसणार, नवरानवरीला भरल्या डोळ्यांनी आशीर्वाद देणार आणि डोळे पुसता पुसता जाकिटाच्या खिशातून औषधाची इवलीशी बाटली काढून मिठाच्या वाटीत टपकन दोन थेंब टाकणार. मीठ जांभळं झालं तर सुटलात. पांढरंच राहिलं तर मिठात आयोडीन नाही, आणि मग वऱ्हाडासमोर तुमची जी शोभा होईल ती नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल.

बाई सत्तावन्न वर्षांची, अंगाने आडवी, पण चालायला लागली की मागच्यांना धाप लागते. गावच्या आरोग्य समितीची ती प्रमुख. पगार शून्य. समितीत सहा बाया, रक्तदाब मोजायचं एक यंत्र, साखर तपासायचं एक यंत्र आणि भरपूर तोंड. पूर्वी गावच्या सामुदायिक शेतीवर ती लोकर तोलायची. पुढे ती शेती मोडली, लोकर गेली, तराजू कुणीतरी रातोरात लांबवला, पण समोर येईल त्या माणसाला तोलून बघायची तिची सवय काही गेली नाही. कुणाचा रक्तदाब वाढला, कुणी गोळ्या बंद केल्या, कुणाची गरोदर सून अजून पाण्याच्या बादल्या उचलते, हे उलकानला त्या घरच्यांच्या आधी कळतं.

अशा या उलकानला एक गोष्ट मात्र जमत नव्हती. थोरल्या दिरांचं नाव घेणं. एकोणिसाव्या वर्षी डोक्याला पांढरा रुमाल बांधून ती या घरात आली, त्याच संध्याकाळी सासूने शेजारी बसवून यादी ऐकवली: सासऱ्याचं नाव तोंडातून येता कामा नये, थोरल्या दिरांचं नाही, चुलतसासऱ्यांची नाहीत. अडतीस वर्षं उलकानने ते पाळलं. दोन बाळंतपणांत तिने नवऱ्याला, दाईला आणि त्या वेळच्या सरकारला मनसोक्त शिव्या घातल्या, पण ती नावं ओठांवर आली नाहीत. आणि यात तिचं एकटीचं काही विशेष नव्हतं. सारी-ओई हे एकाच घराण्याचं गाव. मुली लग्न होऊन बाहेर जातात, सुना बाहेरून येतात. त्यामुळे गावात चूल पेटवणारी जी जी बाई दिसेल ती त्याच घराण्याची सून, आणि सगळ्यांच्या जिभेला तेच कुलूप.

थोरले दीर म्हणजे सगळ्या गावाचे आबा. वय एकोणऐंशी. धाकट्या भावाला, म्हणजे उलकानच्या नवऱ्याला, त्यांनीच लहानाचा मोठा केला. उलकान आली तेव्हा दावणीला पहिली गाय त्यांनीच आणून बांधली. आता त्यांना साखरेचा आजार आहे. दर गुरुवारी उलकान त्यांच्या बोटाला सुई टोचते. आबा खिडकीबाहेर बघत हात पुढे करतात, उलकान मान खाली घालून रक्ताचा थेंब घेते आणि भिंतीला सांगते, "साखर वाढलीये हं आबांची. कुणीतरी मुरंबा खातंय या घरात." भिंत काही बोलत नाही. आबाही नाहीत.

जुलै महिना होता. गवत कापणीचे दिवस, गडी माणसं सगळी वरच्या कुरणात. अशात जिल्ह्याच्या शहरातून, नारिनहून निरोप आला: गावोगावच्या आरोग्य समित्यांनी अँब्युलन्स बोलावायच्या 103 नंबरचं केंद्र येऊन बघावं. फोन कुठे लागतो, तिथे कोण बसतं, काय विचारतात, गाडी कशी निघते. बघून जावं आणि गावात शिकवावं. उलकानने निरोप तीनदा वाचून घेतला आणि चौथ्यांदा स्वतः सगळ्यांना वाचून दाखवला.

सकाळी सहाला सहाही जणी भाड्याच्या गाडीत कोंबून बसल्या. उलकानची जाऊ सोनुन पुढच्या सीटवर, मांडीवर पाच लिटरचा कॅन. कॅनमध्ये कुमिस, घोडीच्या दुधाचा, चांगला आंबवलेला.

"सोनुन, ते सरकारी ऑफिस आहे," उलकान म्हणाली.

"मग सरकारला तहान लागत नाही?"

मागे तळलेल्या बोरसोक पावांची पिशवी होती, सुकवलेल्या दह्याच्या कुरुत गोळ्यांची पिशवी होती, आणि मेंढीची एक उकडलेली तंगडी टॉवेलात गुंडाळून होती. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं कसं? तीन तास गाडी खड्ड्यांतून उडत होती, बाया हसत होत्या आणि कॅनमधला कुमिस गुपचूप तापत होता.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर. उंबऱ्यात आल्याबरोबर सहाही जणींनी बूट काढले.

"बूट काढू नका, एजे! वरून हे घाला," थोरल्या बहिणीला मारतात तशी ‘एजे’ हाक मारत आतून एक बाई धावत आली आणि निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यांच्या हातात दिल्या. ही बेगायिम, त्या पाळीची प्रमुख. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, आवाज असा शांत की आग लागली तरी ती चहा विचारेल.

"बुटांना पिशव्या?" सोनुनने एक पिशवी फुगवून बघितली. "आमच्याकडे यात दही टांगतात."

निळ्या पिशव्या घालून सहा बाया फरशीवर निघाल्या आणि घसरल्या. एकमेकींचे हात धरून, एका ओळीत, बदकांसारख्या. चार टेबलं, चार मुली, कानांवर हेडफोन, समोर पडदे, भिंतीवर सगळ्या डोंगरांचा मोठा नकाशा. त्याच्याशेजारी मोठ्या अक्षरांत पाटी: शांतता राखा. मुली फोनवर बोलता बोलता या मिरवणुकीकडे बघून ओठ चावत होत्या.

"बसा. दमून आलात," बेगायिम म्हणाली.

"आधी तुम्ही घ्या," सोनुन म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत तिने कॅनचं झाकण फिरवलं.

तीन तासांचे खड्डे एकदम बाहेर आले. पांढरा फवारा थेट छतावर, छतावरून सोनुनच्या डोक्यावर, आणि उरलेला शांततेच्या पाटीवर. यंत्रं वाचली, कारण सोनुनने घाबरून कॅन पोटाशी कवटाळला.  मग टेबलावरची एक मुलगी फोनवर कुणाला तरी म्हणाली, "नाही नाही काका, तुम्हाला नाही हसत, तुमचा पाय खरंच मोडलाय," आणि सगळ्यांचा बांध फुटला. पोछा आला, टॉवेल आला, तंगडीचा टॉवेल सोनुनच्या डोक्याला गुंडाळला गेला. उरलेल्या कुमिसचा एकेक वाडगा झाला. बेगायिमसुद्धा हसून हसून डोळे पुसत होती.

पण काम ते काम. तिने पडदा दाखवला, फोन कसा येतो ते सांगितलं, आणि मग जरा अवघडून म्हणाली, "एजे, राग मानू नका. इतर गावांचा फोन दीड मिनिटात उरकतो. सारी-ओईचा चार मिनिटं चालतो."

उलकानचा वाडगा हातातच राहिला. "काय?"

"बाया फोन करतात. माणूस आजारी आहे म्हणतात. कोण, विचारलं की गप्प. रस्ता कुठला, विचारलं की गप्प. आम्ही नुसते हॅलो हॅलो करतो."

"माझ्या गावच्या बाया?" उलकान ताडकन उठली आणि पिशव्यांमुळे परत बसली. "अहो, घराघरात जाऊन शिकवलंय मी! नाव, वय, पत्ता, काय झालंय. पाठ आहे सगळ्यांना. आमच्या शेळ्यासुद्धा सांगतील!"

"असेल," बेगायिम नम्रपणे म्हणाली. ते ‘असेल’ उलकानला झोंबलं. ती तडक कोपऱ्यातल्या चहाच्या टेबलापाशी गेली, खिशातली बाटली काढली आणि तिथल्या मिठात दोन थेंब टाकले. मीठ पांढरं ते पांढरंच.

"बघा!" ती कडाडली. "जगाचे जीव वाचवतात आणि स्वतः बिनआयोडीनचं मीठ खातात! लिहून घ्या चार मिनिटं. मीही लिहून घेते."

बेगायिमने हात जोडले, मीठ कचऱ्याच्या डब्यात गेलं, आणि तह म्हणून तिने उलकानला आपल्या शेजारी बसवून शिकाऊ मुलींचा जास्तीचा हेडफोन तिच्या रुमालावरून चढवला. उलकान एकदम वैमानिकासारखी ताठ झाली. सोनुनने लगेच मोबाइलवर फोटो काढला.

तेवढ्यात फोन आला.

"103, बोला," बेगायिम म्हणाली.

"आमचे... आमचे मोठे... पडलेत. लवकर या," पलीकडे एक कोवळा, घाबरलेला आवाज.

"कुठून बोलतेस, बाळ?"

"सारी-ओई."

उलकानने हेडफोन कानावर दाबला. हा आवाज ती ओळखत होती. आयजारकिन, आबांच्या नातवाची बायको, लग्नाला जेमतेम तीन महिने.

"कोण पडलंय?"

"मोठ्या घरातले मोठे."

"नाव?"

गप्प.

"रस्ता कुठला?"

गप्प. रस्त्याला सासऱ्यांचं नाव दिलेलं आहे. म्हणजे उलकानच्या सासऱ्यांचं, म्हणजे गावातल्या सगळ्याच सुनांचं तोंड बंद करणारं.

"बरं, घर कसं ओळखायचं?"

"निळं फाटक आहे."

"गावात सगळी फाटकं निळी आहेत!" उलकानला राहवलं नाही. "एकदाच रंग आला होता, निळाच आला होता! बाई, मला बोलू दे हिच्याशी."

बेगायिमने एक बटण दाबलं. आता पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू यायला लागला.

"आयजारकिन! मी उलकान."

"आपा?" पोरगी रडता रडता चकित झाली. "तुम्ही अँब्युलन्समध्ये लागलात?"

"मी कुठंही लागले नाही. पाहुणी आहे. बेगायिम, लिही: पूल ओलांडला की डावीकडे, ट्रॅक्टरचा गंजका सांगाडा, तिथून तिसरं घर, दारात पांढरी घोडी बांधलेली. घोडी चावते, ड्रायव्हरला सांग. वय एकोणऐंशी, साखरेचा आजार, सकाळी सातला इन्सुलिन." एका दमात सांगून तिने बेगायिमकडे बघितलं. पत्ता असा सांगतात, असं तिच्या नाकपुड्यांवर लिहिलेलं होतं.

बेगायिमने मान हलवली. पडद्यावर एक ठिपका हलला. खिंडीअलीकडच्या ठाण्यातून गाडी निघाली. "पंचेचाळीस मिनिटं लागतील," ती हलक्या आवाजात म्हणाली. मग फोनवर: "आयजारकिन, नीट ऐक. सकाळी इंजेक्शननंतर काही खाल्लं त्यांनी?"

"नाही. गवतवाल्यांची विळी मोडली होती, ती नीट करत बसले. पाव तसाच आहे. आता अंगाला गार घाम सुटलाय, हात थरथरतायत. घोड्याबद्दल काहीतरी बडबडत होते, आता तेही बंद झालंय."

"साखर उतरलीये," उलकान आणि बेगायिम एकदमच म्हणाल्या.

"साखरपाणी पाजू?" आयजारकिनने विचारलं.

"थांब," बेगायिम म्हणाली. "आधी जागं कर. शुद्धीवर येऊन गिळता आलं तरच पाज. असं झोपेत तोंडात घातलंस तर फुप्फुसात जाईल. हाक मार. मोठ्याने."

"आबा! आबा! ओ आबा!"

"आबा नको. आबा त्यांना सगळेच म्हणत असतील. माणूस स्वतःच्या नावाला जागा होतो. नावाने मार."

फोनमध्ये नुसता हुंदका आला.

"ठाऊक नाही का तुला?"

"ठाऊक आहे," पोरगी रडत म्हणाली. "येत नाही तोंडातून."

"शेजारी कुणी आहे?"

"शेजारच्या काकू आहेत. त्या पण सूनच आहेत ना!"

बेगायिमला चार मिनिटांचं कोडं त्या क्षणी उलगडलं. ती नारिनची, शहरात वाढलेली. तिने खुर्ची फिरवली. "ठीक आहे. मी हाक मारते. मला सांगा नाव."

सहाही जणींनी छताकडे बघितलं. छतावरून कुमिसचा एक थेंब पडला.

"अहो, सहा जणी आहात!"

"सहाही सुना आहोत," सोनुन कसंनुसं म्हणाली.

"मग लिहा तरी!"

लिहायला बंदी नव्हती. उलकानने कागद ओढला आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव तिच्या बोटांतून उतरलं. अक्षरं वाकडी आली. बेगायिमने ते वाचलं, आयजारकिनला फोन त्यांच्या कानाशी धरायला सांगितला आणि स्वच्छ, गोड, सरकारी आवाजात तीन वेळा हाक मारली. पुढे म्हणाली, "तुम्हाला माझा आवाज ऐकू येतोय का? येत असल्यास डोळे उघडा."



"ते म्हणाले, रेडिओ बंद कर," आयजारकिनने कळवलं. "आणि भिंतीकडे वळले. दात घट्ट आवळलेत. आपा, चेहरा पांढरा पडत चाललाय. आता काहीच बोलत नाहीत. आपा!"

कुणी हसलं नाही. बेगायिमने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. उलकानला दिसत होतं, की हे असं होणार नाही. त्या घरात रेडिओ पहाटे पाचपासून चालू असतो, तो माणूस बायकांच्या गोड आवाजात हवामान ऐकतच झोपतो. या आवाजाला तो जन्मात उठायचा नाही.

त्यांना उठवणारा आवाज एकच होता, आणि तो उलकानला पाठ होता. सासू. तिन्हीसांजेला म्हातारी गोठ्याच्या छपरावर चढायची, कमरेवर हात ठेवायची आणि नदीपलीकडे हाक मारायची. नाव सुरुवातीला खाली, मध्ये एकदम वर, आणि शेवट इतका लांब की डोंगरावर आपटून परत यायचा. दीर तेव्हा पंचेचाळिशीचे, पन्नास माणसांवर मुकादम. पण ती हाक आली की हातातलं टाकून, माणसांच्या देखत, शाळकरी पोरासारखे निघायचे. उलकानने ती हाक बारा वर्षं रोज ऐकली. चुलीशी बसून, ओठ मिटून.

"तसं नाही," ती बेगायिमला म्हणाली. "तसं नाही मारत त्यांना हाक."

"मग कशी मारतात?"

उलकान उभी राहिली. तोंड उघडलं. काही आलं नाही.  तिला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. ज्या माणसासमोर आजवर मान वर केली नाही त्याला नावाने, तेही ओरडून? पहिली गाय आणून बांधणाऱ्या माणसाला द्यायला तिच्याकडे दुसरं होतंच काय? तेवढा एक मान होता.

"आपा, बोटं निळी पडतायत," फोनमधून आलं.

"स्पीकर लाव," उलकान म्हणाली. "उशीशेजारी ठेव आणि बाजूला हो."

तिने कमरेवर हात ठेवले, डोळे घट्ट मिटले, आणि नारिनच्या सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, बुटांना निळ्या पिशव्या बांधून, म्हातारीच्या हुबेहूब सुरात किंचाळली,

"ए तुलोबेर्दीऽऽऽऽऽ!"

एका मुलीच्या हातातलं पेन उडालं. भिंतीवरचा नकाशा हलला, असं सोनुन आजही सांगते. खाली अंगणात पत्ते खेळणारे दोन ड्रायव्हर पत्ते टाकून गाडीकडे धावले.

"ए तुलोबेर्दीऽऽऽऽऽ!"

दुसरी हाक संपली आणि खोलीत इतकी शांतता झाली की पाटीचं सार्थक व्हावं. फोनमध्ये खुरखुर झाली. मग एक घोगरा, झोपाळलेला, वैतागलेला म्हातारा आवाज आला.

"आलो गं आई, आलो! किती ओरडशील?"

त्यानंतर जो गोंधळ उडाला त्यात कोण हसत होतं आणि कोण रडत होतं हे सांगता येणार नाही, कारण सगळ्या दोन्ही करत होत्या. उलकान मात्र हेडफोनला चिकटून होती. "उठव, बसव, पाठीला उशी! कोमट पाणी, चार चमचे साखर! घोट घोट! गिळलं? अजून दे! मुरंबा कुठं लपवलाय ते मला ठाऊक आहे, कपाटात पिठाच्या मागे, काढ तो! आज सगळं माफ!"

पंधरा मिनिटांनी आबा घोड्याबद्दल नीट बोलायला लागले. बेचाळिसाव्या मिनिटाला गाडी पोचली. डॉक्टरने तपासलं, साखर मोजली, माणूस घरीच राहू दे म्हणाला, पण दम भरून गेला: यापुढे इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात खायला बसवायचं, काहीही झालं तरी. घोडी ड्रायव्हरला चावली.

परतीच्या वाटेवर पाच जणी उरलेला कुमिस पीत गात होत्या. सहावी खिडकीशी बसली होती.

"घेतलंस," सोनुन तिला कोपराने ढोसत म्हणाली.

"घेतलं."

"कसं लागलं गं तोंडाला?"

"गप बस, सोनुन." उलकानचे डोळे भरून आले होते. जीव वाचला याचा आनंद तर इतका होता की गाडीतून उतरून धावत सुटावं. पण उद्या गुरुवार होता, आणि त्या माणसासमोर सुई घेऊन बसायचं कसं हे तिला कळत नव्हतं. गावातल्या सुना काय म्हणतील? त्यापेक्षा ते स्वतः काय म्हणतील?

पूल ओलांडल्यावर ती मुद्दाम मागच्या वाटेने घरी गेली. अजून रुमाल सोडते न सोडते तोच आयजारकिन दारात.

"आपा, आबांनी बोलावलंय. आत्ता."

मोठ्या घरात माणसं भरली होती. कुरणातून मुलगे आले होते, नातू आले होते, उलकानचा नवरा कोपऱ्यात टोपी कुरवाळत बसला होता. आबा गादीवर लोडाला टेकून बसले होते. समोर शोर्पोचा, म्हणजे मटणाच्या रश्श्याचा वाडगा. त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

"संध्याकाळपासून असेच आहेत," आयजारकिन कुजबुजली. "जेवतच नाहीत. तुम्ही येईपर्यंत नाही म्हणाले."

उलकान रुमाल कपाळावर ओढून, मान खाली घालून उंबऱ्याशी उभी राहिली.

"सूनबाई," आबा खिडकीकडे बघत म्हणाले. "आज मला हाक कुणी मारली?"

सगळे गालिच्याची नक्षी बघायला लागले.

"मी, आबा. चुकले."

"चुकलीसच." आबा अजून खिडकीकडेच बघत होते. "अर्धीच मारलीस."

उलकानने न राहवून मान वर केली.

"माझी आई एवढ्यावर थांबायची? पुढचं कुठं आहे?"

पुढचं उलकानला चांगलं पाठ होतं. तिने ते मुद्दामच गिळलं होतं. "तेव्हा नाही म्हणवलं, आबा," ती म्हणाली. "तेव्हा मेल्या म्हटलं असतं आणि... खरंच काही झालं असतं तर?"

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, नातवाने पाठ चोळली. "आई जाऊन सव्वीस वर्षं झाली," ते म्हणाले. "माझ्याहून मोठं गावात कुणी उरलं नाही. मला सगळे आबा म्हणतात. आबा, आबा, आबा. स्वतःचं नाव मी पेन्शनच्या कागदावर वाचतो फक्त. आज वाटलं, मी नदीपलीकडे आहे आणि घरी कुणीतरी वाट बघतंय." त्यांनी वाडगा चार बोटं दूर सारला. "पुरी हाक मार. आज, उद्या, रोज. डॉक्टर म्हणालाय ना, सुई टोचली की जेवायला बसवा? मग बसव."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, डॉक्टरने लिहून दिलंय."

उलकानने नवऱ्याकडे बघितलं. त्याने टोपीत तोंड लपवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. ती वळली, बाहेर आली. ती हाक खोलीत मारायची नव्हतीच. अंगणाच्या मध्ये उभं राहून तिने कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला. घोडीने कान टवकारले.

"ए तुलोबेर्दीऽऽऽऽऽ! मेल्या, कुठं उलथलास? शोर्पो गार झालाऽऽऽ!"

नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. एकेक निळं फाटक उघडलं आणि त्यातून एकेक सून तोंडाला रुमालाचं टोक लावून बाहेर आली. आणि मागून, खिडकीतून अर्धी बाहेर लोंबत, आयजारकिन आनंदाने ओरडली, "आपा! जेवतायत! रडतायत आणि जेवतायत!"